जुन्या लडींना ‘व्हिंटेज’ भाव : भरतकामाचा सेकंडहँड धागा घेताना काय तपासायचे?

सोमाटणे फाटा म्हटले की टोलनाका आठवतो, शिरगावच्या साई मंदिराकडे वळणारा रस्ता आठवतो आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगत उभी राहिलेली गृहसंकुले आठवतात. जुने घर सोडून अशा संकुलात राहायला आले की सामान लावताना एखाद्या ट्रंकेच्या तळाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडतो. त्यात बिस्किटे नसणार, हे मराठी घरात कुणाला सांगावे लागत नाही. त्यात असतात रंगीत धाग्यांच्या लडी, एक लाकडी रिंग, गंज चढलेल्या सुया आणि अर्धवट भरलेले मॅटीचे कापड. मोराचा पिसारा निम्म्यावर थांबलेला. भरणारी आजी आता नाही.

इथून दोन वाटा फुटतात. कुणी हा डबा फोटो काढून विकायला ठेवते. कुणी तो पिसारा पुरा करायचे ठरवते आणि तशाच रंगाचा धागा शोधू लागते. दोघांची गाठ मोबाइलवर पडते. ‘व्हिंटेज अँकर, ४० लडी, अनयूज्ड, फिक्स रेट’ अशी जाहिरात समोर येते आणि भाव नव्या लडींपेक्षा जास्त असतो. जुनी वस्तू सहसा स्वस्त मिळते, मग इथे उलटे का? आणि तेवढे पैसे द्यावेत का?

थोडक्यात उत्तर असे : जुने काम दुरुस्त किंवा पुरे करायचे असेल तर द्यावेत, तेही धागा तपासून. नवे काम सुरू करायचे असेल तर बहुतेक वेळा देऊ नयेत. ‘व्हिंटेज’ या शब्दाला स्वतःची किंमत नाही. किंमत आहे ती धाग्याच्या ताकदीला, पक्क्या रंगाला आणि एकाच रंगाच्या पुरेशा लडी मिळण्याला.

जुनाच धागा कशासाठी लागतो?

मराठी घरांतले बरेचसे भरतकाम रुखवतासाठी झालेले आहे. उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, तोरण, काचेच्या चौकटीतले ‘सुस्वागतम’. मुलींना शाळेत शिवण-भरतकाम विषय असे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी तर हे काम स्त्रियांच्या कमाईचे साधन म्हणून शिकवले. ते कापड आता पिवळसर झाले आहे आणि त्यावरचे रंग मवाळले आहेत. अशा कापडावर आजची करकरीत लाल लड वापरली, तर दुरुस्ती दुरूनही ठिगळासारखी दिसते. त्याच काळातला, त्याच चमकेचा धागा तिथे मिसळून जातो. जुन्या धाग्याचे खरे गिऱ्हाईक हे काम आहे.

दुसरे कारण म्हणजे बंद झालेले प्रकार. कंपन्या काही छटा बंद करतात. कधी क्रमांक तोच राहतो, पण वीस वर्षांनी रंगवलेल्या लडीचा रंग किंचित वेगळा येतो. इरकल साडीवरची कसुती उसवली असेल तर रेशमी दोराच लागतो. ‘आर्ट सिल्क’ म्हणून मिळणारा झगझगीत धागा तर अनेकदा रेशमी नसतोच, तो रेयॉन असतो. रेयॉनची गंमत अशी की तो कोरडा असताना ठणठणीत वाटतो, पण ओला झाला की त्याची ताकद बरीच घटते. म्हणून आर्ट सिल्कने भरलेला जुना अभ्रा बादलीत भिजत घालू नये आणि पिळू तर मुळीच नये.

धागा खरोखर जुना आहे, हे कसे ओळखायचे?

विक्रेता म्हणतो ‘सत्तर सालचा आहे’. त्याच्या शब्दावर जाण्याची गरज नाही. लडीवरची कागदी पट्टी आणि डब्यावरचे लेबल बरेच काही सांगून जाते आणि हे वाचायला भरतकाम यावे लागत नाही.

सुरुवात किमतीपासून करा. भाव आण्यांत असेल तर लेबल १ एप्रिल १९५७ च्या आधीच्या पद्धतीचे आहे, कारण त्या दिवशी देशात दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिले असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचा काळ. १९६४ मध्ये ‘नवे’ गळून नुसते ‘पैसे’ उरले. ‘एमआरपी, सर्व करांसह’ असा छाप दिसला तर माल साधारण १९९० किंवा त्यानंतरचा समजा.

मग पत्ता पाहा. सहा आकडी पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. दुकानाच्या शिक्क्यात ‘पुणे २’ एवढेच असेल तर तो त्याआधीचा असू शकतो. तळेगाव दाभाडेचा ४१०५०६ असा पूर्ण पिन छापलेला असेल तर १९७२ च्या आधीचा नक्कीच नाही. ‘बॉम्बे’ दिसले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. शहराचे नाव इंग्रजीतही मुंबई झाले ते १९९५ मध्ये. त्यामुळे ‘बॉम्बे’ छापलेली लड फक्त तीस वर्षांपूर्वीचीही असू शकते. शिवाय छापलेली लेबले संपेपर्यंत वापरण्याची आपल्याकडची सवय लक्षात घ्या. वर सांगितलेली वर्षे ‘याआधीचा नाही’ हे खात्रीने सांगतात, ‘याच वर्षाचा आहे’ हे नाही.

बारकोडही बोलतो. ८९० ने सुरू होणारा क्रमांक भारतातील नोंदणीचा असतो आणि त्या नोंदणीचे काम पाहणारी जीएस१ इंडिया ही संस्था १९९६ मधली आहे. पट्टीवर असा बारकोड असलेली लड कुणी ‘आजीच्या लग्नातली’ म्हणून विकत असेल, तर आजी फारच तरुण म्हणायची.

आता कंपनीचे नाव. अँकर म्हणजे नांगर. हे चिन्ह मूळचे स्कॉटलंडमधील पेझ्ली गावच्या क्लार्क घराण्याचे. १८९६ मध्ये क्लार्क आणि त्याच गावचे कोट्स हे दोन सूतसम्राट एकत्र आले. भारतात तमिळनाडूतील मदुरा मिल्स आणि कोट्स यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये मदुरा कोट्स झाली. म्हणजे पट्टीवर ‘मदुरा कोट्स’ असेल तर धागा त्या वर्षाच्या अलीकडचा. डीएमसी ही फ्रान्समधील मुलूझ गावची कंपनी, स्थापना १७४६. या फ्रेंच लडी जुन्या डब्यांत सापडल्या, तर त्या परदेशातल्या नातेवाइकाने आणलेल्या असण्याची शक्यता मोठी. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरची संख्यात्मक बंधने आपल्याकडे पूर्णपणे उठली ती एप्रिल २००१ मध्ये.

लांबी वारांत छापली असेल तर? भारतीय मालावर वार असणे हे जुनेपणाचे चांगले लक्षण आहे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आणि पुढच्या काही वर्षांत मीटर रूढ झाला. पण अमेरिकेसाठी छापलेल्या लडींवर आजही वार असतात, त्यामुळे परदेशी लडीला ही कसोटी लावू नका.

धागा कुजलेला नाही ना?

सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात सोपी परीक्षा हीच. लडीचे टोक काढा, सहा पदरांतला एक पदर वेगळा करा आणि वीतभर तुकडा दोन्ही हातांत धरून हलका झटका द्या. चांगला सुती धागा बोटांना जाणवेल इतका विरोध करतो, मग तुटतो. कुजलेला धागा विनातक्रार तुटतो आणि बोटांवर भुकटी ठेवतो. भुकटी आली की सौदा संपला, रंग कितीही सुंदर असो.

हीच चाचणी दोनदा करा. एकदा लडीच्या बाहेरच्या वेढ्यावर आणि एकदा आतल्या वेढ्यावर. दुकानाच्या काचेत वर्षानुवर्षे राहिलेल्या लडीचा उजेडाकडचा भाग कमजोर आणि फिका झालेला असतो, आतला शाबूत असतो. अशी लड अर्ध्या भावाने घेता येते. पट्टी किंचित सरकवून खालचा रंग पाहिला, की मूळ छटा कोणती होती आणि किती उडाली, हे लगेच कळते.

सुती धागा इतकी वर्षे टिकतो तरी कसा? भरतकामाचे चांगले सूत मर्सराइज केलेले असते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८५० मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले. सूत कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढले की तंतू फुगतो, मजबूत होतो, रंग जास्त पितो. पुढे होरेस लो याने सूत ताणून धरून हीच प्रक्रिया केली आणि त्यातून ती ओळखीची रेशमी चमक आली. असे सूत कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवले तर अनेक दशके टिकते. त्याचे शत्रू म्हणजे ऊन, ओल आणि आम्लधर्मी पुठ्ठा किंवा लाकूड. मावळातला पावसाळा तर सगळ्यांना माहीत आहेच. चार महिने बंद असलेल्या घरातल्या डब्याला कुबट वास येणारच. निव्वळ वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर पसरून जातो. धाग्यावर काळे-करडे ठिपके असतील तर ती बुरशी आहे आणि तिचे डाग सहसा निघत नाहीत.

सूत आहे की दुसरे काही, याची खात्री नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहा. जळलेल्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा रेयॉन. जळलेल्या केसांचा वास आणि चुरगळणारा काळा मणी म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर किंवा नायलॉन. ही चाचणी ओट्यावर, पाण्याचा वाडगा जवळ ठेवून करावी, हे वेगळे सांगायला नको.

रंग सुटला तर?

इथे नुकसान फक्त धाग्याचे होत नाही. चाळीस वर्षे जपलेल्या पांढऱ्या कापडावर लाल धाग्याचा गुलाबी ओघळ उतरला, की तो आजीचा अभ्रा कायमचा बिघडतो. त्यामुळे कापडाला सुई लावण्याआधी प्रत्येक रंगाचा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, पांढऱ्या सुती फडक्यात दाबून धरा, वरून इस्त्री फिरवा. फडके स्वच्छ राहिले तर ठीक. लाल, मरून, गर्द निळा आणि काळा या रंगांवर जास्त संशय घ्या.

‘मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो’ हा सल्ला घरोघरी मिळतो. आधीच रंगवलेल्या सुती धाग्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. मीठ रंगाच्या हंड्यात सुताला रंग प्यायला मदत करते, आम्ल लोकर-रेशमाच्या काही रंगांना साथ देते. सुटणारा रंग धरून ठेवणे हे त्यांचे काम नाही. रंग सुटत असेल तर तो धागा काचेआड राहणाऱ्या चौकटीसाठी ठेवा, धुतल्या जाणाऱ्या कपड्यासाठी नको.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीत नाही. काही अॅझो रंगांपासून कर्करोगाला कारण ठरू शकणारी रसायने तयार होतात. केंद्र सरकारने १९९७ मध्ये अशा ११२ रंगांच्या वापरावर बंदी घातली. त्याआधीच्या धाग्यात नेमका कोणता रंग आहे, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक जुनी लड घातक असते असा याचा अर्थ नव्हे. पण बाळाची झबली, दुपटी, अंगाशी घासणारे कपडे, लहान मूल तोंडात घालेल अशी खेळणी यांना नवा धागाच वापरावा. जुना धागा भिंतीवरच्या कामाला बरा.

एक लड किती पुरते?

इथे ‘४० रंगांच्या ४० लडी’ या जाहिरातीची हवा निघते. नेहमीची लड ८ मीटरची आणि सहा पदरी असते. म्हणजे सुटा पदर ४८ मीटर. फुलीचा टाका दोन पदरांनी घातला तर हाती २४ मीटर धागा येतो. इंचाला १४ चौकटी असलेल्या कापडावर एका फुलीला मागचा-पुढचा मिळून सुमारे ९ मिलिमीटर धागा लागतो. सुरुवात-शेवट, तुटफूट, उसवाउसव धरून एका लडीत साधारण १८०० फुल्या होतात. १८०० फुल्या म्हणजे जेमतेम ३ इंच बाय ३ इंच.

म्हणजे एकेक लड असलेल्या लॉटमधून उशीच्या अभ्र्याची पार्श्वभूमी कधीच भरून होणार नाही. अर्ध्यावर धागा संपेल आणि त्याच छटेची दुसरी जुनी लड शोधण्यात महिने जातील. याउलट मोराची तीन-चार पिसे दुरुस्त करायला एक लड भरपूर झाली. म्हणून लॉट घेण्याआधी विचारायचा प्रश्न ‘किती रंग आहेत?’ हा नसून ‘माझ्या रंगाच्या किती लडी आहेत?’ हा आहे. आणि नव्या लडीचा भाव जवळच्या दुकानात आधी विचारून ठेवा. घासाघीस करताना तो आकडा खिशात हवा.

जर असेल तर हिशेब बदलतो

डब्यात सुती लडींसोबत कलाबतूची, म्हणजे जरीची गुंडी निघाली तर थांबा. ‘जुनी जर, जुना शालू, जुनी पैठणी’ अशी हाळी देत फिरणारे लोक ती वजनावर घेतात, ते भरतकामासाठी नव्हे. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची अतिशय बारीक तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. घेणारा ती जाळून, गाळून चांदी काढतो. जुन्या जरीच्या कितीतरी पैठण्या अशाच भट्टीत गेल्या. घरच्यांना त्या वेळी मिळालेली रक्कम मोठी वाटली होती.

नकली जरीत तांब्याची तार असते, त्याहून स्वस्त जरीत चमकदार प्लास्टिकची पट्टी. तुकडा नखाने किंवा ब्लेडने खरवडला आणि खाली तांबूस धातू दिसला तर तांबे. पांढरा दिसला तर चांदी असू शकते, पण तांब्यावरही चांदीचा थर देतात, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. प्लास्टिकची जर जाळली की आक्रसून वितळते. खरी जर काळवंडते, कारण हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो. काळी पडली म्हणून टाकाऊ समजून देऊन टाकणे, ही इथली नेहमीची चूक. विकायचीच असेल तर एक्सआरएफ यंत्र असलेल्या सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात चांदीचे प्रमाण तपासून घ्या. समजा १०० ग्रॅम जरीत निम्मी चांदी निघाली, तर त्या दिवशीच्या दराने ५० ग्रॅम चांदीचे पैसे किती, एवढा हिशेब मोबाइलवरही होतो. फेरीवाल्याने सांगितलेला आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

शोधायचा कुठे?

सोमाटण्याहून घोरावडी किंवा तळेगाव स्थानक गाठून लोकलने पुण्याला जाता येते. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे धाग्याचा वेगळा गाळा शोधत बसू नका. धागा मिळतो तो जुन्या शिलाई मशीनच्या खणात, ट्रंकेत किंवा बटणांच्या डब्यात. मशीनवाल्याला विचारा, खण उघडून दाखवा म्हणा. रविवार पेठ, बोहरी आळी, तुळशीबाग या भागांतल्या जुन्या दुकानांत न खपलेला माल वरच्या फळीवर असू शकतो. तो वापरलेला नसतो आणि छापील भावातच मिळाला तर उत्तमच. आपल्या लेडीज टेलरच्या बाईंना आणि सोसायटीच्या ग्रुपवरही विचारून पाहावे. कुणाच्या तरी माळ्यावर तो डबा असतोच.

ऑनलाइन घेणार असाल तर फोटोवरच्या रंगाला भुलू नका. मोबाइलचा कॅमेरा पिवळ्या दिव्याखाली रंग आपल्या मनाने बदलतो. विक्रेत्याला लड खिडकीच्या उजेडात, पांढऱ्या कोऱ्या कागदावर ठेवून फोटो मागा. पट्टीवरचा क्रमांक वाचता आला पाहिजे. झटका देऊन धागा तोडतानाचा पाच सेकंदांचा व्हिडिओही मागा. खरा विक्रेता एवढे करतो. रंग जुळवायचा तो शेवटी दिवसाच्या उजेडातच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन हिरवे घरी अंगणात वेगळे दिसतात.

पैशांची देवघेव शक्यतो वस्तू हातात आल्यावर करा. डबा विकणाऱ्याने तर अधिक जपावे, कारण ‘पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ ही फसवणूक विक्रेत्याचीच होते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. गंडा बसलाच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

घरी आणल्यावर

आलेला धागा लगेच आपल्या डब्यात मिसळू नका. रबरबँड आणि टाचण्या आधी काढा. रबर वितळून चिकटते, टाचणीचा गंज धाग्यात उतरतो. लोकर किंवा रेशीम असेल तर कसर लागलेली आहे का ते पाहा आणि शंका आली तर बंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. कागदी पट्टी फेकू नका, कारण रंगाचा क्रमांक तिच्यावरच असतो. पट्टी फाटलीच असेल तर क्रमांक पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहून लडीला बांधा. धागा गुंडाळायला साधा पुठ्ठा न वापरता पांढरे धुतलेले सुती कापड वापरा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती पावसाळ्यात मधूनमधून बदला. डांबरगोळ्या टाकल्या तर त्यांचा वास धाग्यातून पुढची दोन वर्षे जात नाही.